डावीकडे पडलेलं शटल

मंगळवार, ४ तारीख

रविवारच्या नोंदीत एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं आहे की शेवटचं शटल रेषेबाहेर पडलं आणि आई-बाबा जिंकले. शटल आत होतं. चांगलं वीतभर आत. मी पंचाच्या उंच स्टुलावर बसले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत पडलं, आणि मी "बाहेर" म्हणाले.

कसं घडलं ते नीट लिहिते. एका बाजूला आई-बाबा, दुसऱ्या बाजूला दादा आणि मावशी. वीस-वीस, आणि घरच्या नियमाने पुढचा पॉइंट शेवटचा. आई जाळ्याकडे धावली होती. मावशीने शटल उंच उडवून बाबांच्या डावीकडे, मागच्या कोपऱ्यात टाकलं. बाबा जागचे हलले नाहीत. शटल पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वळवली. खरं तर पॉइंट दादाचा होता, तरी तोच घाईने म्हणाला, "गेलं बाहेर."

मावशी उसळली, "अरे, तू कुणाच्या बाजूने खेळतोयस? चांगलं आत पडलंय!"

बाबा म्हणाले, "भांडू नका. पंच आलेत ना घरी? पंचांना विचारा."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. आईचं पाहणं वेगळं होतं, पण कसं ते मला शब्दांत धरता येत नाही. आठ महिन्यांनी घरी येऊन दोन दिवस झाले होते. पहिल्याच रविवारी बाबांना हरवायचं माझ्या जिवावर आलं असावं. हे कारण आहे, सबब नाही.

वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. लिहायला-वाचायला आईने स्वयंपाकघरात शिकवलं आणि मोजायला बाबांनी कोर्टावर. बेरीज, वजाबाकी, सम-विषम, सगळं स्कोअर लिहून. पंच म्हणून त्यांचा एकच नियम होता: दिसलं ते सांगायचं, वाटलं ते नाही. पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा बाईंनी चुकून दोन गुण जास्त दिले होते, ते मी परत करायला गेले. मुलांनी वर्षभर माझी टर उडवली. बाबांनी मात्र त्या दिवशी माझ्यासाठी अ‍ॅकॉर्डिअन वाजवलं होतं.

गुरुवार, ६ तारीख

घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. माझ्या कामाची सवय म्हणून टिपून ठेवते. संग्रहालयाच्या फिरत्या प्रदर्शनाच्या पेट्या एका शहरातून दुसऱ्या शहरात गेल्या की प्रत्येक वस्तू उघडून पाहायची आणि नवा ओरखडा कुठला, जुना कुठला ते लिहायचं, हेच मी आठ महिने केलं. कारण लिहायचं नसतं. फक्त स्थिती.

जेवणाच्या टेबलाशी बाबांच्या डाव्या हाताची खुर्ची माझी होती. आता तिथे आई बसते. मी आल्या दिवशी सवयीने तिथे बसायला गेले तर म्हणाली, "तू समोर बस गं, तुझं तोंड तरी दिसू दे त्यांना." प्रेमानेच म्हणाली. तरी लागलं.

जेवताना अर्ध्यात आई बाबांचं ताट हाताने फिरवते. अलीकडची बाजू पलीकडे. बाबा मग उरलेलं खातात. लहान मुलासारखं हे काय चालवलंय, कळत नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून मी आत येते तेव्हा बाबा मान वर करत नाहीत. बैठकीच्या बाजूने आले तर हसतात, "या पंचबाई" म्हणतात. सकाळी मी त्या दारात उभी राहून दोनदा "बाबा, चहा?" म्हणाले तेव्हा कुठे दचकून वळले. मी जायचं ठरवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "जा, पण वारंवार लिही." मी वारंवार लिहिलं नाही. पहिल्या महिन्यात चार पत्रं, नंतर दोन ओळींचे निरोप. राग धरला असेल तर तो रास्त आहे.

शनिवार, ८ तारीख

काल संध्याकाळी पाच वाजता, रविवारी खेळतो त्याच हॉलमध्ये, आमचा बँड वाजला. दर शुक्रवारी वाजतो. बाबांचं अ‍ॅकॉर्डिअन, दादाचे ड्रम, मावशीचा आवाज. खुर्च्या साठ, माणसं चाळीस, त्यातली पाच पेंगणारी. माझ्या लहानपणीही साधारण हीच होती. मावशी दिवसभर पोस्टात शिक्के मारते आणि शुक्रवारी तिथल्या सगळ्या गप्प बसण्याचा सूड घेते. तिने पहिला सूर लावला आणि मी खुर्चीत पुढे सरकले. एवढ्या देशांत एवढी वाद्यं काचेआड पाहिली, एकही वाजताना ऐकलं नव्हतं.

बाबा पूर्वीपेक्षा चांगले वाजवतात. अतिशयोक्ती करत नाही. समोर स्वरलिपीचा स्टँड नव्हता. दादाला विचारलं तर म्हणाला, "पाठ झालंय सगळं. म्हातारा हुशार झालाय." मावशी पूर्वी त्यांच्या डावीकडे उभी राहायची, आता उजवीकडे. तिला विचारलं तर, "तुझ्या आईने हलवलं बाई. त्यांचा खांदा धरलाय ना डावा, म्हणे माझा धक्का लागतो. मी काय म्हैस आहे?"

खांद्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कोर्टावरही आई हल्ली शक्यतो बाबांची डावी बाजू सोडत नाही ती खांद्यामुळे. पण अ‍ॅकॉर्डिअनचा भाता डाव्या हाताने तर ओढायचा असतो. तासभर ओढला, एकदाही चेहरा कसनुसा झाला नाही.

जाता-येता गाडीत आई पुढे बसली आणि सारखी बोलत होती. "सोड… सोड… हां, घे. माझं आहे, माझं आहे… आता तुझं." हे तर आमचे खेळातले शब्द. शटल कुणी घ्यायचं ते ओरडायचे. मी मागून दादाला म्हटलं, "आईला झालंय काय? गाडीत पण खेळतेय." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "संसार म्हणजे डबल्स असतो, पंचबाई. लग्न केलंस की कळेल." एरवी असल्या विनोदावर तो स्वतःच आधी हसतो. काल हसला नाही.

बावीस तारखेला, शनिवारी, तलावाकाठच्या गावी मोठा कार्यक्रम आहे. बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून. तीन तासांचा डोंगररस्ता. गाडी अर्थात बाबा चालवणार. दादा लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालाय, आई कधी चालवायला शिकली नाही. मी म्हटलं, "मी चालवू का? प्रदर्शनाचा ट्रक चालवलाय मी." आईने एकदम दादाकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "माझी गाडी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही." सगळे हसले. जरा जास्तच हसले.

रविवार, ९ तारीख

आणखी एक दुरुस्ती. पहिल्या रविवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं की खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आल्यामुळे बाबांना ते शटल दिसलं नसावं. आज हॉलमध्ये लवकर गेले. त्या बाजूची खिडकी उत्तरेला आहे. तिथून ऊन येतच नाही.

आजचा खेळ दादा-मावशी जिंकले असते. दादाने तीन सर्व्हिस जाळ्यात घातल्या. मुद्दाम. माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल, पण मी त्याचं मनगट सात वर्षांची असल्यापासून बघतेय. माझ्या समोरून खेळ चाललाय आणि तो मलाच दाखवायचा नाही असं ठरलंय, असं वाटत राहिलं. हे वाटलेलं आहे, दिसलेलं नाही.

गुरुवार, १३ तारीख

गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दारावर ओरखडा. दोन हात लांब, निळा रंग गेलेला, पत्रा किंचित आत. जमिनीपासून गुडघ्याच्या वर चार बोटं. बाबा म्हणाले, "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. लोकांना डोळे नसतात."

उद्या आईला ती शिकवते त्या शाळेत परीक्षेची देखरेख आहे, ती हॉलला उशिरा येईल. मघाशी माझ्या खोलीत येऊन माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली. घड्या झालेलेच कपडे उलगडून परत घड्या घातल्या. मग म्हणाली, "उद्या गाडीत पुढे बस. आणि बोलत राहा त्यांच्याशी."

"कशाबद्दल?"

"डावीकडे काय काय दिसतं त्याबद्दल बोल. तुला प्रवासात तेच तर काम होतं. दिसेल ते सांगायचं."

मी म्हटलं, "आई, मी काय केलंय म्हणून सगळे माझ्याशी असे वागताय?"

तिने माझ्याकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. "तू? तू काय करणार आहेस," म्हणाली, आणि गेली.

शनिवार, १५ तारीख

काल लिहिता आलं नाही. आता सकाळ आहे, स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

काल चार वाजता निघालो. मी पुढे, बाबांच्या डावीकडे. दादा मागे ड्रम धरून. मी थोडा वेळ बोलले, मग गप्प झाले, कारण बाबाच गाण्यांच्या क्रमाबद्दल बोलायला लागले. मावशीला आधी संथ गाणं हवंय, त्यांना नको. दवाखान्याच्या वळणावर गाडी डावीकडे घेतली. कडेला एक म्हातारी बाई सायकल हातात धरून उभी होती. मागच्या कॅरिअरवर कोबी बांधलेला. लाल स्वेटर. भर उजेड, मधे काही नाही. बाबा तिच्याकडेच चालले होते. वेग कमी केला नाही, चाक वळवलं नाही, आणि संथ गाण्याबद्दलचं वाक्यही थांबवलं नाही.

मी ओरडले, "सोड!"

दुसरा शब्दच आला नाही. "थांबा" नाही, "बाबा" नाही. आणि बाबांनी त्या क्षणी ब्रेक दाबला. काय झालं, कोण आहे, काही न विचारता. कोर्टावर जोडीदाराने हाक दिली की थांबतात तसे. बाई माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होती. तिच्या स्वेटरचं एक बटण तुटलेलं होतं.

गाडी थांबल्यावर बाबांनी डोकं पूर्ण डावीकडे वळवलं, खांद्यासकट, आणि मग त्यांना ती दिसली. बाई चार शब्द बोलली, ते आम्ही ऐकून घ्यायला हवे होते आणि घेतले. मागे झांज केव्हाची पडली होती आणि अजून थरथरत होती. दादाने ती तळव्याने दाबली.

उरलेला रस्ता मी मोठ्याने बोलत राहिले. खांब. कुत्रं. उभी गाडी. दुकानाची पायरी. बाबा प्रत्येक शब्दाला "हां" म्हणत होते.

हॉलमध्ये त्यांनी अतिशय सुंदर वाजवलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

परत येताना आई पुढे बसली. उतरल्यावर मी फाटकाचा खांब पाहिला. त्यावर निळा रंग लागलाय. गुडघ्याच्या वर चार बोटं.

आज सकाळी बाबा त्यांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर आईला विचारलं. तिने गॅस बंद केला आणि उभ्या उभ्या सांगितलं. हिवाळ्यात एकदा रात्रभर डोकं दुखलं. सकाळी त्यांना चहाचा कप सापडेना. समोरच होता, जरा डावीकडे. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदूतली एक जागा गेली. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग नाही. परत यायची शक्यता कमी. गाडी चालवायची नाही.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"आणि तू शेजारी बसून हाका देतेस."

"पाच महिने देतेय. एकदा फाटक सोडलं तर काही झालेलं नाही." मग आवाज खाली आणून, "झाकली मूठ आहे गं. दुरुस्तीला लोक हजारांची वाद्यं आणून देतात. अर्धं दिसत नाही म्हटल्यावर कोण देईल? बावीस तारीख होऊ दे. पंचवीस वर्षं वाट पाहिलीय त्यांनी या कार्यक्रमाची. मग ते स्वतः किल्ली ठेवणार आहेत. मला शब्द दिलाय."

"मावशीला माहीत आहे?"

"नाही."

"ती गाडीत बसणार आहे, आई."

आईने गॅस पुन्हा पेटवला.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुला खोटं जमत नाही," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी बोलली असतीस."

तेरा दिवसांपूर्वी मला खोटं चांगलं जमलं होतं, हे तिला सांगायचं राहिलं.

जगभरच्या बरण्या-मडक्यांवरचे ओरखडे मी भिंगातून शोधले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि दोन आठवडे मी समजत होते की खुर्ची माझी गेली.

रविवार, १६ तारीख

खेळायला गेलो नाही. आईने मावशीला फोनवर खांद्याचं सांगितलं.

दुपारी बाबांच्या दुकानात गेले. एक जुनं अ‍ॅकॉर्डिअन उघडून ठेवलं होतं आणि ते बोटांनी एकेक पट्टी चाचपत होते. मी मुद्दाम उजव्या बाजूने गेले.

"या पंचबाई," म्हणाले. "शिक्षा सुनावायला आलात?"

"बाबा, आई म्हणाली ते खरं?"

"तुझी आई खोटं बोलते, पण फक्त माझ्यासाठी." पट्टी खाली ठेवली. "तुला नवीन काय त्यात? तुला तर पहिल्याच रविवारी कळलं होतं."

मला काही समजेना.

"ते शटल," बाबा म्हणाले. "आत होतं ना? आवाजावरून कळतं, लाकडावर कुठे पडलं ते. रेषेच्या आतला आवाज वेगळा. दादा बाहेर म्हणाला ते मी सोडून दिलं, तो माझी कीव करतो. पण तू बाहेर म्हणालीस. तेव्हा म्हटलं, पोरीने पाहिलंय सगळं. पाहिलंय, आणि तरी सोडलंय. म्हणजे अजून एवढं वाईट नसणार." हसले. "त्या दिवसापर्यंत मी ठरवत होतो की तलावाला जायला भाड्याची गाडी करू. तुझ्या आईलाही बोललो नव्हतो. मग म्हटलं, जाऊ दे. पंचांनी खेळ चालू ठेवलाय."

मी तिथे स्टुलावर बसले. दुकानात अ‍ॅकॉर्डिअनच्या आतल्या मेणाचा वास येत होता.

"मला काहीच कळलं नव्हतं, बाबा. मला फक्त तुम्हाला हरवायचं नव्हतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचं पाहणं आता थोडं उजवीकडे सरकलेलं असतं, माझ्या कानाकडे. दोन आठवडे मी त्याला राग समजत होते.

"असं होय," म्हणाले.

"भाड्याची गाडी अजून करता येईल. नाहीतर मी चालवते."

"तू चालवलीस की मावशी विचारणार का. मावशीला कळलं म्हणजे पोस्टात कळलं. पोस्टात कळलं म्हणजे मग उरलं काय?" पुन्हा पट्टी उचलली. "सहा दिवस गं. तीन तास जायचे, तीन यायचे. आई आहे शेजारी. एकदा सोड म्हटलं तर थांबलो की नाही मी?"

"मी ओरडले म्हणून थांबलात."

"तेच तर म्हणतोय. जोडी चांगली आहे."

याचं उत्तर मला आता सुचतंय. कोर्टावर जोडीदाराची हाक चुकली तर एक पॉइंट जातो.

बुधवार, १९ तारीख

दोन दिवस दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. आई म्हणते तशी झाकली मूठ. बाबांचं दुकान, पंचवीस वर्षं, त्यांचा शब्द. दुसऱ्या बाजूला लाल स्वेटर. दुसऱ्या बाजूची यादी लहान आहे, पण ती हलत नाही.

दादाशी बोलले. तो ड्रमची कातडी ताणत होता. मी म्हटलं, "शनिवारी मी त्या गाडीत बसणार नाही आणि मावशीलाही बसू देणार नाही." तो म्हणाला, "मग आधीच का नाही बोललीस? मी पाच महिने वाट बघतोय कुणीतरी बोलेल म्हणून." मी म्हटलं, "तूच बोलायचं होतंस." "मी?" तो म्हणाला. "मी नापास माणूस. पंचामुखी परमेश्वर असतो, ड्रमवाल्यामुखी नाही." आणि मग रडला. दादाला रडताना मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्याच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. मी त्याच्या हातातली ड्रमची चावी घेतली आणि उरलेले चार स्क्रू आवळले. चुकीचे आवळले. त्याने नंतर परत नीट आवळले.

आईला सांगितलं नाही. ती मला थांबवेल म्हणून नाही. ती थांबवणार नाही म्हणून. मग तिला बाबांच्या विरुद्ध उभं राहिल्यासारखं होईल.

बाबांना आज सकाळी सांगितलं. पाठीमागून काही करायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलंय. ते दाढी करत होते. डावा गाल हाताने चाचपून चाचपून. मी आरशात त्यांच्या उजवीकडे उभी राहिले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "पहिल्या रविवारचं शटल आत होतं. मी चूक सांगितलं. ते मागे घेतेय. ज्यांना गाडीत बसायचंय त्या सगळ्यांसमोर घेणार आहे."

वस्तरा थांबला. "कधी?"

"तुम्ही आधी बोललात तर मला बोलावं लागणार नाही. सर्व्हिस तुमची आहे."

"आणि मी नाही केली तर?"

"तर माझी."

त्यांनी गालावरचा फेस पुसला. अर्धा. डावीकडचा तसाच राहिला. मी टॉवेल घेतला आणि पुसला, त्यांनी पुसू दिला. मग म्हणाले, "शाळेतल्या त्या बाईंनी तुला काय म्हटलं होतं गं, दोन गुण परत केलेस तेव्हा?"

"वेडी आहेस म्हणाल्या."

"हं," बाबा म्हणाले. हो की नाही, ते मला कळलं नाही. वाटलं ते लिहीत नाही.

दुपारी गाडी ठरवली. आठ जणांची, चालकासकट, शनिवारी सकाळी सातला दारात येईल. कुणी बसो न बसो.

परवाच्या शुक्रवारी श्रोते नाहीत, शनिवारची तालीम आहे, ती संध्याकाळी सहाला संपते. मावशी शेवटी डबा आणि चपला शोधत दहा मिनिटं घालवते, तेव्हा चौघेही हॉलमध्ये असतात, आणि बाबांच्या हातात गाडीची किल्ली असते. तोवर ते बोलले तर ठीक. नाहीतर मी स्टुलावर चढणार नाही, त्यांच्या उजवीकडे, दिसेन अशी उभी राहीन.

शुक्रवार, २१ तारीख. सहा वाजता.